जालन्याचा अदृश्य व्यापार

यंदाच्या अंकाचे सूत्र 'अंतर' असे ठरल्याचे संपादकांनी कळविले, तेव्हा जालना जिल्ह्याचे नाव त्यांनीच सुचविले होते. 'जालना, सोने का पालना' ही म्हण ज्या गावाने शतकानुशतके मिरविली, त्या गावाचा व्यापार म्हटला की कापसाच्या गाठी, मोसंबीचे ढीग, लोखंडी सळया आणि बियाण्यांची पोती डोळ्यांसमोर येतात. आणि हा सारा माल मालमोटारीने, आगगाडीने किंवा जहाजाने जात असल्यामुळे विमानाशी त्याचा संबंध लावण्याचे कोणाच्या मनात येत नाही. परंतु या ढिगांच्या आडोशाने दुसरा एक व्यापार चालतो. त्यास वजन नाही, त्याची पावती कोणत्याही जकात नाक्यावर फाटत नाही, आणि तरीही मोठमोठ्या रकमा त्यापायी देशाबाहेर जातात व देशात येतात. संशोधन, परवाना, तपासणी, यंत्रांची उभारणी, पाहुणचार हा तो व्यापार. त्याला विमान किती लागते आणि नेमके कोठे लागते, हे जिल्ह्यात जाऊन पाहावे, अशी ती सूचना होती. जिल्ह्याचे तालुके आठ. त्यांपैकी एकातही नियमित प्रवासी विमान उतरत नाही. जालन्याचे विमान उतरते ते पश्चिमेस सुमारे 50 किलोमीटरांवर, छत्रपती संभाजीनगराच्या चिकलठाणा विमानतळावर.

जाळीखालची कलाकुसर

जिल्ह्याच्या उत्तरेस, देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा या बुलढाण्याच्या मुलखाला लागून, जाफराबाद तालुका आहे. या पट्ट्यातून जाताना कोरडवाहू रानांच्या मधोमध पांढऱ्या-हिरव्या जाळीचे मांडव उभे दिसतात. त्यांना येथे शेडनेट म्हणतात आणि त्याखालच्या पिकाला सीड प्लॉट. टोमॅटो, मिरची, काकडी यांचे संकरित बियाणे येथे हाताने तयार होते. 'हाताने' हा शब्द अक्षरशः घ्यावयाचा.

टोमॅटोची कळी उमलण्याच्या आदल्या सायंकाळी बाया मांडवात शिरतात. डाव्या हाताच्या दोन बोटांत कळी धरून उजव्या हातातील चिमट्याने तिच्या पोटातील पिवळा पुंकेसरांचा शंकू अलगद उपटून टाकावयाचा आणि मधला स्त्रीकेसर मात्र दुखवावयाचा नाही, असे हे काम आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडांच्या फुलांतून काढलेले, विजेच्या दिव्याच्या उबेत वाळवून बारीक कापडातून चाळलेले पराग एका लहानशा रिंगणीत भरून ती रिंगणी अंगठ्यावर चढवितात आणि तिचा स्पर्श त्या सोललेल्या फुलाला करतात. मग फुलाच्या तळाची दोन हिरवी दळे चिमट्याने छाटली जातात. ही छाटणी म्हणजे त्या फळाचा दाखला होय. ज्या फळावर ती खूण नाही, ते आपोआप धरलेले समजून तोडून फेकून द्यावयाचे. दिवसभरात एकेक बाई अशी शेकडो फुले हाताळते. "हात हलका पाहिजे, भाऊ," मला एक मावशी म्हणाली. "जाड हाताच्या बाईला मुकादम इथं ठेवत नाही. अन् परदेशचा साहेब आला की त्यो आधी आमचे हातच बघतो, झाडं मागून."

त्या मावशीच्या या उद्गारात आपल्या विषयाचे बीज आहे. येथील काही प्लॉटांतील मूळ नर-मादी वाणांचे बियाणे परदेशातील कंपनीच्या मालकीचे असते. मोहोरबंद पाकिटांतून ते येते आणि तयार झालेले संकरित बीज तिच्याच स्वाधीन होते. शेतकऱ्याने दिले ते जमीन, जाळी, पाणी, निगराणी आणि या हलक्या हातांचे कौशल्य. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या व्यवहारतोल-नियमपुस्तिकेच्या सहाव्या आवृत्तीत, दुसऱ्याच्या मालकी हक्काच्या वस्तूवर प्रक्रिया करून दिल्यास तिची गणना मालाच्या नव्हे, सेवांच्या सदरात करावी, असे तत्त्व घातलेले आहे. त्या तत्त्वाने पाहिल्यास जाफराबादची ही बाई टोमॅटो विकत नसून सेवा निर्यात करीत आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी.

सेवा प्रवास कशी करते

मालाचा व्यापार समजण्यास सोपा असतो, कारण माल एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवता येतो. सेवा मात्र देणारा आणि घेणारा यांची गाठ पडल्यावाचून बहुधा पुरीच होत नाही. 1995 साली अमलात आलेल्या सेवाव्यापारविषयक सर्वसाधारण कराराने, म्हणजे गॅट्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या करारनाम्याने, या गाठीचे चार प्रकार मानले आहेत. सेवा तारेवरून सीमा ओलांडते, हा पहिला. ग्राहक सेवेच्या दारी येतो, हा दुसरा. कंपनी परक्या देशात आपली पेढी थाटते, हा तिसरा. आणि सेवा देणारा माणूस स्वतः उठून परदेशी जातो, हा चौथा. जालन्याच्या प्लॉटावर येणारा वाण-संशोधक हा चौथ्या प्रकारचा, अजिंठा पाहण्यास आलेली जपानी मंडळी दुसऱ्या प्रकारची, आणि पुण्यात संगणकापुढे बसून लंडनच्या पेढीचे हिशेब लिहिणारा परतूरचा तरुण पहिल्या प्रकारचा.

दुसरा आणि चौथा प्रकार विमानावाचून चालत नाहीत, हे उघडच आहे. पहिल्या व तिसऱ्या प्रकारांना विमान लागत नाही असे वाटते खरे, पण ते वाटणे वरवरचे ठरते. अर्थशास्त्रज्ञ झेवियर जिरू यांनी 2013 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अमेरिकन कंपन्यांचे मुख्य कार्यालय आणि दूरचा कारखाना यांच्यामध्ये नवा विमानमार्ग सुरू होऊन प्रवासाचा वेळ घटला, की त्या कारखान्यातील गुंतवणूक 8 ते 9 टक्क्यांनी वाढते, असे आढळून आले. कारखाना तोच, मालक तोच, दूरध्वनीही पूर्वीचाच. वाढली ती मालकाची जाऊन डोळ्यांनी पाहण्याची सोय. मालकाने पाहिले की त्याचा भरवसा बसतो आणि भरवसा बसला की त्याचा हात सैल होतो, ही गोष्ट आपल्याकडील कोणत्याही सावकाराने अभ्यासावाचून सांगितली असती.

ज्ञानाची आयात

जालन्याला ही भेटीगाठींची किंमत फार पूर्वी उमगलेली आहे. जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथील रहिवाशांनी दिलेल्या दानांचे लेख सांची आणि भारहूत येथील स्तूपांवर कोरलेले आहेत, आणि त्याच भोकरदनच्या उत्खननात सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीच्या भग्नावशेषाचे इटलीतील पाँपेईत सापडलेल्या मूर्तीशी असलेले साधर्म्य पुरातत्त्वज्ञांनी नोंदविले आहे. ही झाली दोन हजार वर्षांपूर्वीची कथा. आजच्या जालन्याची घडण मात्र साठ वर्षांपूर्वीची आहे आणि तिच्या मुळाशी परदेशाहून आलेले ज्ञान आहे.

1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजे महिको, स्थापन केली, त्याच वर्षी देशातील पहिला संकरित ज्वारीचा वाण 'सीएसएच-1' प्रसृत झाला. या वाणाची मादी होती 'सीके 60 ए' ही अमेरिकेतून आलेली वंध्य-नर ओळ. पुढील वर्षी आलेल्या 'एचबी-1' या संकरित बाजरीच्या पोटात जॉर्जिया संस्थानातील टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी सिद्ध केलेली 'टिफ्ट 23 ए' ही ओळ होती. मूठभर दाणे टपालाने येऊ शकतात. ते कसे पेरावे, नर-मादीच्या ओळींचे प्रमाण काय ठेवावे, भेसळ झाड कोणत्या अवस्थेत उपटावे, हे मात्र शेताच्या बांधावर उभे राहून दाखवावे लागते. त्या काळी रॉकफेलर प्रतिष्ठानचे तज्ज्ञ भारतात राहून आणि देशभर हिंडून हेच काम करीत होते. बारवाले यांच्या उद्योगाचा गौरव 1998 साली विश्व अन्न पुरस्काराने झाला, तोही अमेरिकेतील आयोवा संस्थानाच्या डे मॉइन येथे.

त्याच 1998 साली महिको आणि मॉन्सँटो यांनी समान भागीत एक कंपनी काढली आणि मार्च 2002 मध्ये बीटी कापसाच्या लागवडीस केंद्र सरकारची मंजुरी मिळाली. यानंतर जालना-अंबडच्या शेतकऱ्याने दुकानातून आणलेल्या 450 ग्रॅमच्या प्रत्येक पाकिटात सरकीखेरीज आणखी एक गोष्ट भरलेली असे: तंत्रज्ञानाचे स्वामित्वमूल्य. सरकीची किंमत हा माल. स्वामित्वमूल्य ही सेवेची आयात, कारण बौद्धिक मालमत्तेच्या वापराचा मोबदला सेवांच्याच खात्यावर लिहिला जातो. मार्च 2016 मध्ये केंद्र सरकारने आपल्या दरनियंत्रण हुकमान्वये हे मूल्य पाकिटामागे सुमारे 163 रुपयांवरून 49 रुपयांवर आणले आणि त्यावरून कोर्टकचेऱ्यांचा मोठा मामला माजला, तेव्हा कुठे सामान्य वाचकाला कळले, की मराठवाड्याचा कोरडवाहू शेतकरी दर मृगात परदेशी सेवेचे देणे चुकते करीत होता.

या अदृश्य देण्याघेण्याची दुसरी बाजूही जालन्यात आहे. जालन्याच्या शीतल कंपनीने हॉलंडमधील बेजो झाडेन या जुन्या बियाणे-घराण्याशी भागीदारी करून बेजो शीतल ही कंपनी उभारली. महिकोचे संशोधन केंद्र जालना-संभाजीनगर रस्त्यावर दावलवाडीस आहे. अशा ठिकाणी परदेशी शास्त्रज्ञांची ये-जा हा रोजच्या कारभाराचा भाग असतो. ॲमस्टरडॅम मुंबईहून सात हजार किलोमीटरांच्या आत आहे आणि थेट विमानाने एका रात्रीची वाट आहे. या हिशेबाने मुंबई ही हॉलंडच्या बीजोत्पादकांना फार जवळची आहे. दूर आहे ते मुंबईपासून जालना.

पाहुण्याची रात्र

हे शेवटले विधान कोड्यासारखे वाटेल. त्याची फोड मला एका मोटारचालकाने करून दिली. जालन्यातील कंपन्यांच्या परदेशी पाहुण्यांना ने-आण करणे हाच त्याचा अनेक वर्षांचा धंदा. चिकलठाण्याच्या आगमन-दाराशी पाटी घेऊन उभे राहावयाचे, पाहुण्याला बाटलीबंद पाणी द्यावयाचे आणि करमाड-बदनापूरच्या रस्त्याने त्याला प्लॉटावर पोचवावयाचे. "युरोपचं विमान मुंबईला मध्यरात्रीच्या सुमारास येतं, साहेब," तो म्हणाला. "सकाळचं इकडलं विमान जुळलं तर पाहुणा जेवणाच्या आत प्लॉटवर. नाही जुळलं, अन् पुढलं संध्याकाळचं असलं, तर दिवस गेला. मग तो म्हणतो, एवढ्यात मी हैदराबादलाच जाऊन येतो." त्या चालकाने व्यापारशास्त्राचे एकही पुस्तक वाचलेले नाही, परंतु विमानमार्गाचे मोल किलोमीटरांत न मोजता वाया गेलेल्या दिवसांत मोजावे, हा त्या शास्त्राचा गाभा त्याने दोन वाक्यांत सांगितला.

कारण ज्या माणसाच्या कौशल्याचा मोबदला दिवसाच्या दराने दिला जातो, त्याचा वाया गेलेला एक दिवस तिकिटापेक्षा महाग पडतो. टोमॅटोचा प्लॉट त्याला फुलोऱ्यात एकदा आणि फळ रंगताना एकदा पाहावयाचा असतो. फुलोऱ्याचा काळ थांबत नाही. दोन भेटींसाठी चार दिवस मोडले तर जालना परवडते. सहा-सात मोडले तर त्याच पाहुण्याला थायलंड किंवा चीनचे प्लॉट सोयीचे वाटू लागतात.

येथील एका कंपनीचे निर्यात-व्यवहार सांभाळणारे अधिकारी मला म्हणाले, "पहिल्या हंगामात पाहुणे तीनदा येतात. पाचव्या हंगामात एकदा आले तरी पुरते. मधल्या काळात फोटो आणि चाचणीचे निकाल पाठवून भागते." बियाण्याच्या लॉटची जी.ओ.टी., म्हणजे नमुना पेरून वाणाची शुद्धता पाहण्याची चाचणी, नापास झाली तर शेतकऱ्याचे पैसे अडतात आणि कंपनीची पत जाते. पण ती चाचणी कशी घ्यावयाची, याविषयी दोन्ही पक्षांचा एकदा समोरासमोर समझोता झाला की पुढील सगळे कागदावर चालते.

त्या अधिकाऱ्यांच्या या बोलण्यात जालन्याचे सारे भाग्य आणि सारी मर्यादा सामावलेली आहे. जालन्याने नेमकी तीच सेवा टिकवून धरली, जिच्यात भेटी थोड्या आणि भेटींच्या दरम्यानचे काम उदंड. ज्या सेवेत गिऱ्हाईक आठवड्याआड समोर बसवावे लागते, अशी सल्लागारी, संगणकप्रणालींची मांडणी, यंत्ररचनेचे आरेखन, ती जालन्यात रुजली नाही. ती करणारे जालन्याचे तरुण पुण्याजवळच्या हिंजवडीत आणि हैदराबादेत आहेत, कारण तेथील विमानतळावरून त्यांच्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या दिवशी परत जाता येते. त्यांनी मिळविलेले परकीय चलन पुण्या-हैदराबादच्या नावे जमा होते. जालन्याला मिळतो तो आई-बापांच्या नावे येणारा मासिक भरणा.

संभाजीनगराहून जालन्याच्या दिशेने असलेल्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत हाच न्याय उलट्या बाजूने दिसतो. स्कोडा या झेक कंपनीने 2001 पासून येथे मोटारी जोडण्यास आरंभ केला. लीभेर या जर्मन-स्विस कंपनीचा कारखानाही येथेच आहे. परदेशी यंत्र समुद्रमार्गे पेटाऱ्यांत भरून येते, पण ते चालू करून देणारा तंत्रज्ञ विमानानेच येतो, आणि तो येऊन सही करीपर्यंत यंत्राची हमी सुरू होत नाही. कारखाना वसला तो कोणत्याही एका कारणाने नव्हे. परंतु चिकलठाण्याची धावपट्टी शेंद्र्याच्या इतक्या जवळ नसती, तर त्या जागेचा विचार एवढ्या सहजतेने झाला नसता.

आकाशाची सनद

मग चिकलठाण्यालाच परदेशी विमाने का उतरत नाहीत, असा प्रश्न जिल्ह्यातील पुष्कळ व्यापारी विचारतात. याचे उत्तर धावपट्टीच्या लांबीत थोडे आणि दप्तरात फार आहे.

लांबीचा प्रश्न किती जीवघेणा ठरू शकतो, हे या विमानतळाने भोगलेले आहे. 26 एप्रिल 1993 रोजी मुंबईकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान धावपट्टीच्या टोकाशी असलेल्या रस्त्यावरून जाणाऱ्या कापसाच्या गाठींनी भरलेल्या मालमोटारीवर आदळले आणि 118 जणांपैकी 55 मृत्युमुखी पडले. त्यानंतर सुधारणा झाल्या. अजिंठा-वेरूळ विकासाच्या जपानी कर्जसाह्याच्या योजनेतून विमानतळाचा विस्तार झाला आणि नवी प्रशस्त इमारत उभी राहिली. त्या इमारतीत आजही मुख्यतः देशांतर्गत प्रवासीच दिसतात.

दप्तराची गोष्ट अशी की, विमान परक्या देशात उतरविण्याचा हक्क बाजारात विकत मिळत नाही. 1944 च्या शिकागो करारानुसार प्रत्येक राष्ट्र आपल्या आकाशाचे धनी आहे. म्हणून दोन राष्ट्रे आपसांत करारमदार करून कोणत्या शहरी, किती आसनांची मुभा, हे ठरवितात. दुबईच्या वाट्याला भारताने आठवड्यास सुमारे 65 हजार आसने दिली आहेत आणि ती वाढवून मिळावीत, ही त्या अमिरातीची जुनी मागणी आहे. गंमत अशी, की सेवाव्यापाराचा जो गॅट्स करार आपण वर पाहिला, त्याच्या परिशिष्टात विमानांच्या वाहतूक-हक्कांना कराराबाहेर ठेवलेले आहे. विमानांची दुरुस्ती, तिकिटांची विक्री आणि आरक्षण-यंत्रणा एवढ्याच बाबी आत घेतल्या आहेत. ज्या वाहनावर बसून सेवाव्यापार जगभर फिरतो, ते वाहनच त्या व्यापाराच्या कायद्यातून मोकळे सुटले आहे.

तथापि या बाबतीत संभाजीनगरावर, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादवर, अन्याय झाला, असे म्हणता येत नाही. आग्नेय आशियाई राष्ट्रांच्या विमानकंपन्यांना भारताने ज्या 18 पर्यटनस्थळी हव्या तितक्या फेऱ्यांची सनद दिली, त्यांत गया, वाराणसी आणि खजुराहो यांच्या जोडीला औरंगाबादचेही नाव आहे. थायलंडचे विमान उद्या चिकलठाण्यास यावयाचे ठरले तर आसनांच्या मर्यादेची अडचण नाही. सनद आहे, विमान नाही. कारण विमान भरेल इतकी माणसे वर्षभर, रोजच्या रोज, एकाच ठरावीक दिशेने जाणारी हवीत.

अशी माणसे वर्षातून एकदा मिळतात, तेव्हा विमान खरोखरीच उडते. मराठवाड्यातील हज यात्रेकरूंसाठी चिकलठाणा हे प्रस्थान-स्थान राहिले असून त्या काळात परदेशगमनाच्या तपासणीची तजवीज तेथेच होते. परंतु पातळ मार्गाची किंमत कोण देतो, हेही याच यात्रेने दाखविले. 2023 साली येथून निघणाऱ्या यात्रेकरूला मुंबईहून निघणाऱ्यापेक्षा सुमारे 88 हजार रुपये अधिक मोजावे लागणार असल्याचे कळताच मोठी ओरड झाली. दाराशी आलेले विमान दूरच्या विमानापेक्षा महाग पडू शकते, हा धडा यात्रेकरूंनी घेतला. आंतरराष्ट्रीय सेवेची मागणी करणाऱ्या व्यापाऱ्यांनीही तो घेण्याजोगा आहे.

लेण्यांचा निर्यात-व्यापार

अजिंठा आणि वेरूळ यांची गणना 1983 पासून जागतिक वारशांत होते. भोकरदनपासून अजिंठा दूर नाही. परंतु परदेशी पाहुणा लेणी पाहतो आणि संभाजीनगरास परततो, त्यामुळे त्याच्या खर्चातील फारच थोडा भाग जालना जिल्ह्यात झिरपतो. त्याने हॉटेलास, वाटाड्यास, हिमरू विणणाऱ्यास दिलेला प्रत्येक रुपया ही देशाच्या दृष्टीने निर्यातच; फक्त माल घरीच राहतो आणि गिऱ्हाईक येऊन पाहून जाते.

या निर्यातीचे विमानाशी असलेले नाते किती नाजूक आहे, हे एप्रिल 2019 मध्ये दिसले. जेट एअरवेज बंद पडली आणि शहराच्या फेऱ्या अचानक आटल्या, तेव्हा हॉटेलवाले, वाटाडे आणि कारखानदार एकाच अर्जावर सह्या करू लागले. लेणी जागच्या जागी होती, हॉटेलेही होती. परंतु दिल्ली-आग्रा-जयपूर करून आलेला युरोपीय प्रवासी एका जादा दिवसाचा भुर्दंड सोसून इकडे वळेना. काही महिन्यांनी दुसऱ्या कंपन्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या, पण परदेशी सहलींचे कार्यक्रम वर्ष-वर्ष आधी छापले जात असल्यामुळे तुटलेला दुवा विमान आले त्या दिवशी सांधला जात नाही.

बंद आकाशाची दोन वर्षे

विमानावाचून सेवाव्यापाराचे काय होते, याचा प्रयोग कोणी मुद्दाम करणार नाही. महामारीने तो करविला. 23 मार्च 2020 पासून 27 मार्च 2022 पर्यंत भारतातून नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे बंद होती. 2019 मध्ये देशात आलेले परदेशी पर्यटक एक कोटी नऊ लाख होते. 2020 मध्ये ते सुमारे 27 लाखांवर आले. परंतु देशाची एकूण सेवा-निर्यात 2019-20 मधील 213 अब्ज डॉलरांवरून पुढील वर्षी 206 अब्जांपर्यंतच उतरली आणि 2021-22 मध्ये 254 अब्जांवर चढली. 2024-25 मध्ये ती सुमारे 387 अब्ज झाली.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील, की तारेने विमानाची जागा घेतली. जाफराबादच्या प्लॉटांवर निराळेच ऐकावयास मिळते. त्या दोन हंगामांत तेथील तपासण्या भ्रमणध्वनीच्या चित्रफितीवर झाल्या. मुकादम फोन धरून ओळीओळीने फिरे आणि दूर देशीचा संशोधक पडद्यावर पाहून सूचना करी. ज्यांच्याशी जुनी ओळख होती, त्यांचे काम थांबले नाही. "नवा पाहुणा मात्र एकही जोडला गेला नाही," असे त्या निर्यात-अधिकाऱ्यांनी मला सांगितले. तारेवरून चालले ते पूर्वी विमानाने जोडलेल्या संबंधांचे व्याज. मुद्दलात भर पडण्यास पुन्हा विमान सुरू व्हावे लागले.

फिलिपे कँपान्ते आणि डेव्हिड यानागिझावा-ड्रॉट या अर्थशास्त्रज्ञांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनाचेही सूत्र हेच आहे. सहा हजार मैलांहून लांब उड्डाणास जादा कर्मचारी आणि मोठे विमान लागत असल्याने, त्या मर्यादेच्या किंचित अलीकडे असलेल्या शहरांना थेट विमाने अधिक मिळतात आणि किंचित पलीकडच्यांना कमी. अलीकडच्या शहरांत परक्या कंपन्यांची भागीदारी आणि आर्थिक उलाढालही अधिक वाढलेली त्यांना दिसली. मात्र तो लाभ विमानतळाच्या सभोवती साचतो, दूरच्या मुलखापर्यंत तो आपोआप वाहत जात नाही, असेही त्यांचे निरीक्षण आहे. जालन्याने लक्षात ठेवावे ते हे दुसरे निरीक्षण.

रस्ता, रूळ आणि वेळापत्रक

गेल्या काही वर्षांत जालन्याचे अंतर तीन बाजूंनी आटले आहे. 30 डिसेंबर 2023 रोजी जालना-मुंबई वंदे भारत गाडी सुरू झाली. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला होऊन 701 किलोमीटरांची ती वाट पुरी झाली. आणि ऑक्टोबर 2025 मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. जालन्याजवळचे ड्राय पोर्ट, ज्याची कोनशिला डिसेंबर 2015 मध्ये बसली, ते मालासाठी आहे. माणसाच्या वाटेचा विचार मात्र अजून स्वतंत्रपणे कोणी केलेला दिसत नाही.

व्यापाऱ्यांच्या सभांतून ठराव होतात ते आंतरराष्ट्रीय विमानाच्या मागणीचे. मागणी गैर नाही, पण वर पाहिल्याप्रमाणे सनद असूनही ते विमान येत नाही आणि आले तर महाग पडण्याची शक्यता आहे. जालन्याच्या सेवाव्यापाराची खरी निकड याहून साधी आहे: मध्यरात्री मुंबईत उतरलेला पाहुणा सकाळी चिकलठाण्यास पोचावा, आणि प्लॉट पाहून त्याच रात्रीचे परतीचे विमान त्याला मुंबईत गाठता यावे. एवढ्यासाठी नवी धावपट्टी लागत नाही, लागतात त्या मुंबईत योग्य वेळी उतरण्या-उडण्याच्या दोन मुभा. आणि ही मुभा मुंबईत अतिशय दुर्मिळ असल्याने, नव्या विमानतळाच्या वाढीव जागेतून मराठवाड्याचा वाटा मागून घेणे, हे येथील लोकप्रतिनिधींचे आणि व्यापारी मंडळांचे काम आहे.

त्यापुढची गोष्ट जिल्ह्याने स्वतः करावयाची आहे. मावशीच्या हातांचे कौशल्य हा जालन्याचा निर्यात-माल आहे, पण तिच्या मजुरीच्या कागदावर तो कोठेही नोंदलेला नाही. लॉट नापास झाला तर त्याचा भार शेतकऱ्यावर पडतो आणि पास झाला तर परदेशी खात्यावरील नफ्यात त्याचा वाटा ठरलेला नसतो. पाहुणा लवकर येऊ लागला म्हणजे हा करार आपोआप न्याय्य होईल, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. विमान मालकाला प्लॉटापर्यंत आणून सोडते. त्याच्याशी सौदा कोणत्या अटींवर करावयाचा, हे जाफराबाद-भोकरदनच्या शेतकऱ्यांनी आपल्या उत्पादक संघांतून एकत्र बसून ठरविल्याखेरीज या जिल्ह्याचा अदृश्य व्यापार त्याच्या स्वतःच्या हिशेबवहीत दिसू लागणार नाही.